सेप्टिक टाकीची निगा

मोहाडी तालुक्यातील करडी व आसपासचा मुलूख धानाचा आहे. पावसाळ्यात बोड्या भरतात, बांध्यांत पाणी उभे राहते आणि विहिरींची पातळी वर येते. अशा भागात परसातील टाकीकडे दुर्लक्ष झाले, तर तिची घाण पिण्याच्या पाण्यात मिसळण्यास वेळ लागत नाही. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून खेडोपाडी शौचालये झाली. आता त्यांची निगा राखणे हेही तितकेच महत्त्वाचे काम होय.

टाकीचे कार्य

टाकीत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, हलका भाग साय धरून वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. गाळातील सूक्ष्म जंतू हवेविना मैला कुजवितात व त्याचे आकारमान कमी करतात. परंतु गाळ पूर्णपणे नाहीसा कधीच होत नाही. तो वाढत जाऊन मधल्या पाण्याची जागा व्यापतो आणि अखेरीस शोषखड्ड्यात शिरून जमिनीची छिद्रे बुजवितो. म्हणून "आमची टाकी दहा वर्षांत भरली नाही" ही अभिमानाची गोष्ट नव्हे. ती टाकी बहुधा तळातून गळत असते किंवा तिचा मैला गटारात वाहत असतो.

उपसा केव्हा करावा

पाच माणसांच्या घरास ५ फूट लांब, अडीच फूट रुंद व साडेतीन फूट पाण्याची खोली असलेली टाकी पुरते. तिचा उपसा दर दोन ते तीन वर्षांनी करावा. गाळ पाहण्यासाठी लांब काठीस पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी व थोड्या वेळाने सावकाश काढावी. फडक्यावर काळा गाळ किती उंचीपर्यंत लागला आहे ते दिसते. गाळ व साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापला गेला, की उपसा लांबवू नये. होळीनंतर व मृगापूर्वीचा काळ यास उत्तम. तेव्हा वाट कोरडी असल्याने उपसा करणारी गाडी घरापर्यंत येऊ शकते.

उपसलेला गाळ नाल्यात, बोडीत किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नये. त्यात जंतांची अंडी जिवंत असतात. तो प्रक्रिया केंद्रातच जावा. दोन खड्ड्यांच्या शौचालयाची गोष्ट वेगळी आहे. तेथे भरलेला खड्डा बंद करून किमान एक वर्ष तसाच ठेवला, तर आतील मैल्याचे शेतास उपयोगी खत बनते.

माणूस आत उतरवू नये

टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. पहिला पेट घेतो. म्हणून झाकणाजवळ विडी किंवा दिवा नेऊ नये. दुसऱ्यास कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकास वासच कळेनासा होतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही तसाच दगावतो. सुरक्षा-साधनांविना माणसाकडून टाकी साफ करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. उपसा यंत्रानेच करावा.

नित्याची काळजी

१. चिंध्या, प्लॅस्टिक, राख किंवा तेलकट पाणी टाकीत जाऊ देऊ नये. फिनेल व आम्ल फार वापरल्यास कुजविणारे जंतू मरतात.

२. न्हाणीचे पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात सोडावे. एकदम आलेले पाणी तळाचा गाळ ढवळून काढते.

३. शोषखड्डा विहिरीपासून किमान ६० फूट दूर असावा. टाकीचे पाणी उघड्या गटारात सोडू नये.

४. वायुनळीच्या तोंडास जाळी बांधावी व झाकणाच्या फटी बुजवाव्यात. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आढळतो, आणि तो पसरविणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील टाक्यांची नोंदवही ठेवावी, तीत शेवटच्या उपशाचे वर्ष लिहावे आणि एका आळीतील घरांचा उपसा एकाच वेळी ठरवावा. त्यामुळे गाडीचा खर्च वाटला जातो व कोणत्याही घरास माणूस आत उतरविण्याची पाळी येत नाही.