हुद्दा मोजून द्यावा

पोरांनो, परभणीच्या उन्हात दुपारी घरात बसून लढाईचा खेळ रचताय, ते बरंच आहे. पण तुमच्या एकाच फौजेत दंडनायक, मनसबदार आणि सरनोबत असे वेगवेगळ्या काळांतले हुद्दे शेजारी शेजारी दिसले, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

आधी काळ, मग हुद्दा. आपल्या जिल्ह्यातलीच लढाई हवी तर पाथरी घ्या. सोळाव्या शतकात निजामशाही आणि इमादशाही तिच्यासाठी झुंजल्या. तिथे वजीर, अमीर, किल्लेदार शोभतात. यादवांचा काळ घेतला तर महामंडलेश्वर आणि दंडनायक आणा.

नाव भारदस्त आहे की नाही ते बघू नका, हाताखाली माणसं किती ते बघा. शिवरायांच्या फौजेची उतरंड सभासदाच्या बखरीत आहे. पायदळात दहा माणसांवर नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. घोडदळात मात्र पंचवीस स्वारांवरच हवालदार आणि पाच हवालदारांवर जुमलेदार. एक चिंचोका म्हणजे पाच माणसं धरा: पायदळाच्या हवालदाराला दहा चिंचोके, घोडदळाच्या हवालदाराला पाचच.

लढाई लहान तर सरदारही लहान. शंभर-दीडशे माणसांच्या चकमकीला जुमलेदार पुरे. तिथे सगळ्यांच्या वरचा सरनोबत उतरवू नका.

सरदाराची किंमत पगारावरून लावा. घोडदळाच्या जुमलेदाराला सालीना ५०० होन, हजारीला १,०००, त्याच्यावरच्या पंचहजारीला २,०००. म्हणजे एका पंचहजारीच्या मोलात चार जुमलेदार येतात. कोणता सौदा करायचा ते खेळणाऱ्याने ठरवावं.

गडाची रीत वेगळी. तिथे हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे कारभारी. गडाचा सरनोबत आणि फौजेचा सरनोबत यांच्या सोंगट्या वेगळ्या रंगाच्या ठेवा. आणि नियम असा करा की तिघांतला एक फितला म्हणून गड पडत नाही.

बिनहत्यारी माणसांना विसरू नका. पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे. ते गमावले की त्या तुकडीची चाल निम्मी करा.

शेवटचं एवढंच: सोंगटीवर हुद्दा लिहिलात की शेजारी काळ आणि माणसांचा आकडाही लिहा. दोन्ही लिहिता येत नसतील, तर तो हुद्दा पटावर आणू नका.