मीटरवरचे शून्य पारखून घ्या

अभ्यासपाठ : डिजिटल मल्टिमीटरचा सुरक्षित वापर
वाचनासाठी शास्त्रभाग : अनुवाद २२:८, १ थेस्सलनीकाकर ५:२१



मार्च महिन्यात, ऐन परीक्षांच्या दिवसांत, आमच्या मुलांच्या वसतिगृहातला पाण्याचा पंप बंद पडला. टाकीत जेमतेम संध्याकाळपुरते पाणी होते. वायरिंगचे काम शिकणाऱ्या मोठ्या मुलांपैकी एकाने बोर्डावरचा एमसीबी खाली केला, मल्टिमीटर काढला आणि पंपाच्या स्टार्टरमध्ये प्रोब लावले. मीटरने शून्य दाखवले. वायर सोडवायला तो स्क्रू-ड्रायव्हर उचलणार, इतक्यात शिकवणाऱ्या बंधूंनी त्याला थांबवले. "अरे थांब. आधी हाच मीटर त्या पंख्याच्या सॉकेटमध्ये लावून बघ." पंखा फिरत होता, तरी मीटरने तिथेही शून्यच दाखवले. लाल लीडची तार प्लास्टिकच्या आत तुटलेली होती. दुसरी लीड लावून मोजले, तेव्हा स्टार्टरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट निघाले. त्याने खाली केलेला एमसीबी भलत्याच लाइनचा होता.

त्या दिवशी प्रभूने मुलाला राखले. त्यासाठी आम्ही उपकार मानले आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात हा पाठ पुन्हा पहिल्यापासून घेतला. आपल्यापैकी कित्येक जण दुरुस्तीच्या कामासाठी पाड्यांवर येतात, कोणी मीटर आणि हत्यारे पाठवतात, आणि मंडळीच्या इमारतीतली लहानसहान कामे तर अनेक जण स्वतः करतात. म्हणून तो पाठ येथे देत आहोत.

कठड्याची आज्ञा

नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष त्या घरावर येणार नाही, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. कठड्याने घराची शोभा वाढते म्हणून ही आज्ञा नाही. ती शेजाऱ्याच्या जिवासाठी आहे. विजेच्या कामात काळजी घेणे हाही तसाच कठडा आहे. "देव राखील" असे म्हणून कठडा न बांधणे म्हणजे विश्वास नव्हे.

मीटर हाती घेण्यापूर्वी

१. लीड पाहा. प्लास्टिकला चीर, उघडी तार किंवा हलणारा प्रोब दिसला तर ती लीड टाकून द्या. चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका.

२. मीटरवर कॅट हे अक्षर आणि व्होल्टचा आकडा छापलेला असतो. सॉकेटला लावायच्या उपकरणांसाठी कॅट दोन, घरातल्या बोर्डासाठी व पक्क्या वायरिंगसाठी कॅट तीन, आणि बाहेरून वीज इमारतीत येते त्या जागेसाठी कॅट चार. विजा चमकतात किंवा मोठी मोटार सुरू-बंद होते तेव्हा लाइनवर क्षणभर फार मोठा दाब येतो. तो मीटरच्या आत न फुटता सहन व्हावा यासाठी हे वर्ग आहेत. आमच्या कामाला ६०० व्होल्ट कॅट तीनचा मीटर आणि त्याच दर्जाच्या लीड लागतात.

३. काळी लीड 'कॉम' लिहिलेल्या भोकात आणि लाल लीड व्होल्टच्या भोकात हवी. लाल लीड १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब सॉकेटमध्ये घातले, तर ते तारेने फेज आणि न्यूट्रल जोडण्यासारखेच आहे. स्वस्त मीटरांमध्ये त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजही नसतो. हातातच स्फोट होऊन डोळे आणि बोटे भाजू शकतात. म्हणून आमच्या वर्गाचा नियम असा की मल्टिमीटरने घरगुती लाइनचा करंट मोजायचाच नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटर आहे.

४. ओहम आणि 'बीप'ची तपासणी फक्त वीज पूर्ण बंद असलेल्या वायरवर करायची.

शून्य केव्हा खोटे असते?

बहुतेक अपघात मीटरने मोठा आकडा दाखवल्यामुळे होत नाहीत. तो शून्य दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो, तिथे होतात. हे शून्य चार कारणांनी खोटे असू शकते.

पहिले, लीड आतून तुटलेली असते किंवा भोकात नीट बसलेली नसते.

दुसरे, चकती चुकीच्या जागी असते. घरातली वीज एसी आहे. तिची खूण म्हणजे व्ही अक्षराजवळची नागमोडी रेघ. चकती डीसीवर, म्हणजे सरळ रेघेच्या खुणेवर राहिली, तर चालू २३० व्होल्टलाही मीटर शून्याच्या आसपासच दाखवतो.

तिसरे, न्यूट्रल तुटलेला असतो. मग फेज आणि न्यूट्रलमध्ये शून्य येऊ शकते, पण फेजच्या वायरमध्ये वीज असतेच आणि ती जमिनीवर उभ्या माणसाला झटका देते. म्हणून तीन जोड्या मोजाव्यात : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. चालू सॉकेटमध्ये पहिल्या दोन्हींना २३०च्या आसपास आणि तिसऱ्याला फार तर थोडे व्होल्ट यायला हवेत. सॉकेटसमोर उभे राहिल्यावर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असते. पण जुन्या वायरिंगमध्ये ते उलटेही सापडते, म्हणून डोळ्यांवर नव्हे तर मोजणीवर भरवसा ठेवा. फेज-अर्थ फार कमी आले तर अर्थिंगच खराब आहे असे समजून वायरमनला बोलवा.

चौथे, मीटरचा सेल उतरलेला असतो. बॅटरीची खूण दिसू लागली की मीटरच्या कोणत्याही आकड्यावर विसंबू नका.

तीन पायऱ्यांची पारख

सर्व गोष्टी पारखून घ्या, असे पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो. आमची मुले आता मीटरची पारख अशी करतात :

पहिली पायरी : जिथे वीज नक्की आहे अशा सॉकेटमध्ये मीटर लावायचा. २३०च्या आसपास आकडा आला की मीटर, लीड आणि चकती तिन्ही ठीक आहेत.

दुसरी पायरी : ज्या ठिकाणी काम करायचे तिथला मेन स्विच बंद करून तिन्ही जोड्या मोजायच्या.

तिसरी पायरी : पुन्हा त्या चालू सॉकेटकडे जाऊन मीटर अजून बरोबर दाखवतो का हे पाहायचे. मधल्या वेळात लीड तुटली असेल तर ते इथे कळते.

तिन्ही पायऱ्या पार पडल्यावरच वायरला हात लावायचा. त्याआधी मेन स्विचवर "काम चालू आहे" अशी पाटी लावायची आणि शक्य असेल तर कुलूप घालायचे. मोजताना पाय कोरडे व चपलेत असावेत, आणि बोटे प्रोबच्या कडेच्या मागे असावीत. काळा प्रोब आधी लावायचा, लाल नंतर. काढताना लाल आधी.

सोलर, बॅटरी आणि पंप

अनेक पाड्यांवर आता सौरदिवे आणि सौरपंप आहेत. तिथे मेन स्विच खाली केला तरी ऊन पडत आहे तोवर पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते. सौरपंपाच्या पॅनेलांच्या माळेत अनेकदा शंभराहून अधिक व्होल्ट डीसी असतात, आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही. अशी माळ वर्गातल्या मुलांनी उघडायची नाही.

इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी झटका देत नाही, पण प्रोब घसरून दोन टोके जोडली गेली तर मोठी ठिणगी पडते. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्या ठिणगीने पेटू शकतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि हातातले कडे-अंगठी काढून ठेवा.

पंपाच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद झाल्यावरही भार साठून राहतो. तो जाणत्या माणसानेच उतरवावा.

विजेचा खांब, ट्रान्सफॉर्मर आणि वीजमीटरच्या आधीची वायर ही महावितरणची कामे आहेत. तिथे आपले धाडस नको. पक्के वायरिंगही परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

कोणाला वीज धरून राहिली तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून दूर करा. तुटून पडलेल्या बाहेरच्या तारेजवळ मात्र जाऊच नका. माणूस सुटल्यावर १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा प्रयत्न मदत येईपर्यंत करत राहा.

विचारासाठी

१. आपल्या मंडळीच्या इमारतीत कोणता 'कठडा' बांधायचा राहिला आहे? अर्थिंग शेवटचे कधी तपासले?

२. घाई असताना आपण कोणती पारख टाळतो? त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल?

प्रार्थनेचे विषय

वायरिंग शिकणाऱ्या मुलांच्या रक्षणासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या बंधूंच्या धीरासाठी. आडवाटेच्या पाड्यांवर पावसाळ्यात तारा जोडणाऱ्या सर्व कामगारांसाठी. तसेच ज्यांना मीटर किंवा लीड भेट द्यायची इच्छा आहे त्यांनी ६०० व्होल्ट कॅट तीन छापलेलेच द्यावेत, ही विनंती. आपल्या त्या भेटीवर एखाद्या मुलाचा हात विसंबून असेल.