शिकवायचं तर एम.ए. करावं का?

प्रश्न : मी संगीत विशारद व बी.ए. आहे, घरी गाण्याचे वर्ग घेते. एम.ए. करू का?

उत्तर : महाविद्यालयात शिकवायचं असेल तर जरूर करा. सहायक प्राध्यापकपदासाठी खुल्या प्रवर्गात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. अभ्यासक्रम मात्र आधी नीट वाचा. रागांची यादी लांबलचक आणि अध्यापनाचा सराव शून्य असेल, तर तो सराव तुमच्या वर्गातच करावा लागेल. उदाहरणार्थ, काळी चारमध्ये तुम्हाला सहज लागणारं मंद्र सप्तक आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यातून निघतच नाही. त्याला झेपणारा षड्ज शोधा, पेटी त्या पट्टीत धरा, मग अलंकार घ्या. गुरूंकडची तालीम एम.ए.च्या दोन वर्षांत मुळीच बंद करू नका.