घटस्थापनेला पाणी, भाऊबीजेनंतर मासे

घरात अ‍ॅक्वापोनिक्सची टाकी मांडायचे मनात असेल, तर वर्षातला सगळ्यात सोयीचा काळ आता सुरू होतो आहे. परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उकाड्यात घरातले पाणी आपोआप २५ ते ३० अंशांवर राहते, आणि या पद्धतीचा सगळा डोलारा ज्या जिवाणूंवर उभा असतो त्यांना हेच तापमान मानवते. दुसरे म्हणजे, सप्टेंबरच्या २३ तारखेनंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकतो. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडकीतून, गॅलरीतून, पडवीतून ऊन घरात आतपर्यंत येते. मे-जूनमध्ये हीच खिडकी भाजीच्या कामाची नसते. शिवाय पालेभाजीचा हंगाम आहे आणि कूलर माळ्यावर चढणार असल्याने त्याचा पंप मोकळा आहे!

माशांच्या पाण्यावर भाजी वाढवणे ही कल्पना जुनीच. तिला आजचे रूप आले ते १९८० च्या दशकात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी वाळूच्या वाफ्यांवर, तर व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी तरंगत्या वाफ्यांवर काम केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरच्या अ‍ॅक्वापोनिक्सची सविस्तर पुस्तिका काढली. पुढे दिलेली खाद्याची आणि माशांच्या वजनाची मापे साधारण तिलाच धरून आहेत, फक्त घरासाठी मी हात थोडा आखडता ठेवला आहे.

बहुतेकांचे गणित पहिल्याच आठवड्यात चुकते. टाकी आणली, पाणी भरले, त्याच संध्याकाळी मासे सोडले, चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू लागले, आणि मग ‘हे आपल्याकडे चालत नाही’ असा निकाल. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. त्याचे नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, नायट्राइटचे नायट्रेट करणारे वेगळे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष, नायट्रेट मात्र झाडांचे अन्न. हे जिवाणू विकत आणून ओतून भागत नाही, ते खडीवर वाढवावे लागतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तुमचे पहिले पीक भाजीही नाही आणि मासेही नाहीत, ते डोळ्यांना न दिसणारे हे जिवाणू आहेत.

म्हणून पंचांगाचा आधार घ्या. घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हा बरोबर एका चांद्र महिन्याचा अवधी. घट बसतील त्या दिवशी टाकीत पाणी फिरवायला लागा. नळाचे पाणी असेल तर आधी एक दिवस उघडे ठेवून त्यात हवा सोडा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. क्लोरीन माशांना जेवढा वाईट तेवढाच जिवाणूंनाही. मासे न सोडता रोज चिमूटभर, चार-पाच ग्रॅम, मत्स्यखाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खायला मिळते. ओळखीच्या कोणाकडे जुने, निरोगी मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि तुमच्या खडीत पिळा. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार, आठवडा-दीड आठवडा सहज वाचतो.

मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचे तपासणी किट मिळते. पंप, पाइप यांत काटकसर करा, पण हे किट घ्याच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू (पीएच), या चार गोष्टी दर दोन-तीन दिवसांनी तपासून वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही जवळजवळ शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. तो दिवस माशांचा. तो भाऊबीजेला आला तर उत्तम, आठ दिवस उशिरा आला तर आठ दिवस थांबा.

आता मांडणी. २०० लिटरची, रुंद तोंडाची प्लास्टिकची टाकी माशांसाठी. २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरला की प्रत्येकी सुमारे १०० लिटरचे, २८ सेंटिमीटर खोल असे दोन वाफे होतात. पहिल्या वर्षी त्यातला एकच वापरा. ड्रम खाद्यपदार्थांचा असावा. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. पारदर्शक टाकी शोभेची असते, पण उजेडाने पाणी शेवाळून हिरवे होते. टाकीच्या तोंडावर जाळी हवीच, मासे उड्या मारतात.

वाफ्यात भरायला आपल्याकडची काळ्या दगडाची खडी छान, १८-२० मिलिमीटरची. ती धुऊन घ्या, आणि भरण्याआधी चार खड्यांवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर दगडात चुन्याचा अंश आहे, तो सामू चढवत राहील. बेसॉल्टला फेस येत नाही. जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडेही चालतात, फक्त भुकटी चाळून टाका.

वजनाचा विचार मात्र आधी करा. भरलेली टाकी २०० किलोंच्या वर जाते, खडी आणि पाण्यासकट वाफा आणखी पावणेदोनशे ते दोनशे किलो. घराच्या स्लॅबचे आरेखन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेले असते. त्यामुळे वरच्या मजल्यावर टाकी आणि वाफा खोलीच्या मधोमध मांडू नका, गॅलरीच्या टोकाला तर नाहीच. भिंतीलगत, तुळईजवळ, दोघांत अंतर ठेवून मांडा आणि शंका असेल तर इंजिनिअरला विचारा. जमिनीवरच्या पडवीत हा प्रश्नच येत नाही, म्हणून गावातल्या घरांचे काम सोपे.

पाणी फिरवायला बेल सायफन, म्हणजे वाफा भरला की आपोआप रिकामा करणारा सायफन, करावा असे जिकडे तिकडे सांगतात. करणाऱ्याला तो करताना मजा येते हे खरे, पण तो कधी लागत नाही, कधी सुटत नाही आणि नवख्याचा निम्मा वेळ त्यातच जातो. त्यापेक्षा सरळ रस्ता घ्या. वाफ्याच्या तळातून एक उभा पाइप वर काढा, त्याचे तोंड खडीच्या पृष्ठभागाखाली चार-पाच सेंटिमीटरवर ठेवा आणि पाइपाच्या बुडाशी ५ मिलिमीटरचे एक भोक पाडा. भोवती भोके पाडलेला मोठा पाइप बसवा, म्हणजे खडी आत जाणार नाही. पंपाला टायमर लावा, १५ मिनिटे चालू आणि ४५ मिनिटे बंद. पंप चालू असताना वाफा भरतो आणि जादा पाणी वरून सांडते. बंद झाला की भोकातून सगळे निथळते आणि मुळांना हवा मिळते. खडीचा वरचा थर कोरडा राहिल्याने डासही अंडी घालत नाहीत. कूलरचा पंप १८-२० वॉटचा असतो, तो या कामाला पुरतो. मात्र जुन्या पंपाची वायर तपासा, टेप गुंडाळलेला जोड पाण्यात जाऊ देऊ नका, आणि घरात गळतीचा प्रवाह तोडणारा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवून घ्या.

तांब्याचा हंडा, पितळी नळ, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप यांतले काहीही या पाण्याला लागू देऊ नका. आपल्याला तांब्यातले पाणी चांगले असेल, माशांना तांबे आणि जस्त दोन्ही घातक.

कोणते मासे? खायचे असतील तर चिलापी, म्हणजे तिलापिया; तो कोंडलेल्या जागेत टिकतो आणि भराभर वाढतो. त्याच्या पालनाला सरकारी परवानगीचे नियम आहेत, म्हणून बीज आणण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. रोहू-कटला तळ्याचे मासे, त्यांना ड्रममध्ये कोंडू नका. आणि शाकाहारी घरांना सांगायचे तर भाजीला माशाचे मांस नको असते, त्याची विष्ठा पुरते. गोल्डफिश किंवा कोय पाळा, थंडीही ते चिलापीपेक्षा चांगली सोसतात. माझा कल घरातल्या टाकीसाठी याच माशांकडे आहे.

संख्या कमी ठेवा. २०० लिटरला दहा बोटुकली बस्स. जास्त मासे म्हणजे जास्त भाजी, हा समज खोटा आहे. भाजी ठरते ती रोज किती खाद्य पडते यावर. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागते. तुमचा अर्धा ड्रम म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर, म्हणजे २० ते २५ ग्रॅम. दहा मासे शंभर-शंभर ग्रॅमचे झाले की तेवढे आरामात खातात. तोवर खाद्य कमी पडते, म्हणून सुरुवातीला वाफ्याचा एकच कोपरा लावा. तरंगणारे, २८ ते ३२ टक्के प्रथिनांचे खाद्य घ्या. पाच मिनिटांत संपेल तेवढेच टाका आणि उरलेले जाळीने काढून घ्या.

लावणीत पुदिन्यापासून सुरुवात करा. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या, खालची पाने काढून, खडीत खोचल्या की आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. पालक, आंबट चुका, माठ, लेट्यूस उत्तम येतात. धने रगडून दोन फाकी करून पेरा. मुळा-गाजर नको आणि पहिल्या वर्षी टोमॅटो तर नकोच. त्याला ऊन आणि पालाश दोन्ही जास्त लागतात. चार-पाच तास थेट ऊन मिळत नसेल तर पांढऱ्या एलईडी ट्यूब पानांच्या वर वीतभर उंचीवर रोज बारा तास लावाव्या लागतील.

महिन्या-दीड महिन्याने कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर ती लोहाची कमतरता आहे. मत्स्यखाद्यात लोह फारसे नसते, त्यामुळे हे जवळपास सगळ्यांकडे होते. कृषी सेवा केंद्रातून डीटीपीए किंवा ईडीडीएचए स्वरूपातले चिलेटेड लोह आणा. पावडर ६ टक्के लोहाची असेल तर २०० लिटर पाण्याला ७ ग्रॅम पुरते. फवारणीचे मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य यात ओतू नका, त्यात तांबे-जस्त असते. सामू ६.८ ते ७.२ च्या आसपास राहू द्या. जिवाणूंच्या कामाने तो हळूहळू घसरतो आणि ६ च्या खाली गेला की त्यांचे काम जवळजवळ थांबते. बोअरच्या जड पाण्याची भर घालणाऱ्यांना याचा त्रास कमी होतो. कोकणातल्या मऊ पाण्यात मात्र शिंपल्यांची पुरचुंडी टाकीत सोडून ठेवावी.

दिवाळीची काही पथ्ये. रंगकाम टाकी मांडण्याआधी उरका. फिनाइलचा पोछा टाकीजवळ पिळू नका. सगळ्यात मोठा धोका डासांच्या औषधांचा. वड्या, लिक्विड आणि फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये असतात, ती माशांना अत्यंत विषारी आहेत, आणि माशांसाठी लावलेला एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा. पानांवर मावा आला तर पाण्याने धुवा, बोटांनी चिरडा, पिवळे चिकट सापळे लावा; निंबोळी अर्कसुद्धा या वाफ्यावर नको. चार दिवस गावी जायचे असेल तर शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नका. मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात. प्रेमाने घातलेल्या मूठभर खाद्याने मात्र पाणी नासते.

वीज गेली की पंपाचे एवढे अडत नाही, हवेचे अडते. पाच वॉटचा एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा जवळ ठेवा. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा घरातले पाणीही गार पडते. चिलापी २० अंशांच्या खाली खाणे कमी करतो, १६-१७ ला जवळपास सोडतो. अशा दिवसांत खाद्यही कमी करा, कारण जिवाणूही मंदावलेले असतात.

खर्चाचा हिशेब सरळ सांगतो. टायमरवरचा पंप आणि एअर पंप मिळून महिन्याला सात-आठ युनिट, ४० वॉटचे दिवे लावले तर आणखी १४-१५. म्हणजे खिडकीतले ऊन हीच खरी बचत. अशा टाकीतून एका घराला आठवड्यातून दोनदा पालक-पुदिना निघेल, मातीतल्या वाफ्यापेक्षा फार थोडे पाणी लागेल. भाजी विकून पैसे होणार नाहीत, आणि घरातल्या अ‍ॅक्वापोनिक्समधून लाखोंच्या कमाईची स्वप्ने विकणाऱ्या प्रशिक्षणवर्गांना पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करा. शेतावर मोठा संच उभारायचा विचार असेल तर आधी हा लहान संच एक हिवाळा आणि एक उन्हाळा चालवून पाहा.

शेवटची गोष्ट माशांच्या सौद्याची आहे. थाई मांगूर स्वस्त मिळतो, काहीही खातो, पाण्यात हवा नसली तरी जगतो, म्हणून कोणी गळ्यात मारेल. त्याच्यावर देशात बंदी आहे, घेऊ नका. आणि टाकी बंद करायची वेळ आली तर मासे खा किंवा मत्स्यालयवाल्याला परत द्या, पण ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नका. परका मासा कसा पसरतो ते पाहा: तिलापिया भारतात १९५२ साली बाहेरून आणला गेला. आज उजनी धरणाच्या काठी भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागलेले दिसतात.