'हॅव' आणि मराठीतील 'असणे'

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गापासूनच शिकविला जातो. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर या केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यातील विद्यार्थ्यालाही 'हॅव' हे क्रियापद फार लवकर भेटते. त्याचा अर्थ बहुधा 'जवळ असणे' असा एकच सांगितला जातो आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

मराठीत या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. 'असणे' या एकाच क्रियापदावर आपण काम भागवितो आणि अर्थातील फरक नामाच्या रूपाने दाखवितो. 'मला दोन भाऊ आहेत' यात नाते आहे. 'माझ्याजवळ दहा रुपये आहेत' म्हणजे ते या घटकेला खिशात आहेत. 'घराला दोन दारे आहेत', 'मुलाला ताप आहे' हे प्रकार आणखी निराळे. इंग्रजीत या सर्व ठिकाणी 'हॅव' चालते. मात्र 'जवळ असणे' हा अर्थ पाठ केलेला विद्यार्थी 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असे भाषांतर करतो, तेव्हा ते भाऊ त्याच्याकडे राहावयास आले आहेत, असा भलताच बोध होतो. शेजारच्या तेलुगूतही नाते आणि पैसा यांसाठी अशीच वेगवेगळी रूपे आहेत. सीमेलगतच्या शाळांतील शिक्षकांना याचा उपयोग करून घेता येईल.

'आय हॅव टू गो' म्हणजे 'मला जावे लागते', येथे सक्ती आहे. 'आय हॅव ईटन' म्हणजे 'मी जेवलो आहे'. येथे 'हॅव' केवळ साहाय्यक क्रियापद होय.

खरी काळजी घ्यावी लागते ती जमिनीच्या बाबतीत. 'त्याला चार एकर जमीन आहे' असे म्हटले की ऐकणारा मालकी समजतो. 'त्याच्याकडे चार एकर जमीन आहे' यात ती जमीन बटईनेही असू शकते. इंग्रजी 'हॅव' हा भेद पोटात घालते. कायद्याला तसे करून चालत नाही. मराठवाड्याला लागू असलेला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 हा मुळी जमीनधारक आणि जमीन कसणारे कूळ यांच्या परस्परसंबंधांचाच कायदा आहे.

गावच्या गायरानाचेही तसेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार ज्या जमिनी अन्य कोणाच्या मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या होत. कलम 22 खाली त्यांपैकी काही गुरचरणासाठी राखून ठेवता येतात. अशी जमीन ग्रामपंचायतीकडे देखभालीसाठी असली, म्हणून ती ग्रामपंचायतीची होत नाही. 'ची' आणि 'कडे' यांतील हे अंतर बोलताना सहज बुजते आणि मग ठरावातही उतरते. त्यामुळे ठरावात 'ग्रामपंचायतीची जागा' लिहावयाचे की 'ग्रामपंचायतीकडील जागा', हे सातबारा उताऱ्यावरील नोंद पाहून ठरविणे अगत्याचे आहे.