फायकस घरात नांदवायचा तर

१. नर्सरीत 'इनडोअर' म्हणून जे मिळतं ते मुळात रानातलं झाड आहे. रबर प्लांटच घ्या. मेघालयात ओढ्यांवर जिवंत मुळांचे जे पूल आहेत, ते याच फायकस इलास्टिकाच्या मुळांचे. वड, पिंपळ, उंबर हे त्याचे भाऊबंद. अशा झाडाला टीव्हीशेजारचा अंधारा कोपरा दिला तर ते लगेच मरत नाही, नुसतं कुढत राहतं. पेरं लांबतात, नवी पानं लहान निघतात, खालची एकेक गळतात. कुंडी खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत हवी. पूर्वेची खिडकी सगळ्यांत चांगली. पश्चिमेचं एप्रिल-मेमधलं ऊन काचेतून थेट आलं तर पानं करपतात, तिथे पातळ पडदा लावावा.

२. फायकसचाच दुसरा प्रकार, बेंजामिना, घरी आणला की थोड्याच दिवसांत पानं गाळायला लागतो आणि घरात हाहाकार उडतो. झाड मेलेलं नसतं. नर्सरीतल्या भरपूर उजेडात फुटलेला तो पाला असतो, आणि घरातल्या उजेडावर तेवढा पाला पोसणं झाडाला परवडत नाही. म्हणून ते जुनी पानं टाकतं आणि कमी उजेडात भागेल अशी नवी काढतं. नेमक्या याच वेळी माणसं खत घालतात, पाणी वाढवतात आणि कुंडी रोज नव्या जागी नेतात. तिन्ही गोष्टी वाईट, तिसरी सर्वांत वाईट. शंका आली तर एखाद्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत ओलं हिरवं दिसलं की निर्धास्त राहा. दिवाळीच्या साफसफाईत सोफा खुशाल हलवा, फायकस नको.

३. 'आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?' हा प्रश्नच चुकीचा आहे. मे महिन्यात माती दोन दिवसांत सुकते, जुलैच्या झडीत आठ-दहा दिवस ओली राहते. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लॅस्टिकची उशिरा. तेव्हा बोट दोन पेरं मातीत खुपसावं. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावं आणि ताटलीत उतरलेलं पाणी ओतून टाकावं. ते तसंच ठेवलं तर मुळं कुजतात, शिवाय डासांच्या अळ्या होतात त्या वेगळ्याच. पानं पिवळी, मऊ पडून गळत असतील तर बहुधा पाणी जास्त झालंय. कडा वाळून कुरकुरीत झाल्या तर कमी पडतंय.

४. पाण्याइतकाच घोटाळा मातीचा. नर्सरीच्या काळ्या पिशवीत बऱ्याचदा चिकट लाल माती ठासलेली असते. प्रवासात मुळं धरून ठेवायला ती बरी, घरात मात्र वाळून विटेसारखी होते. वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच. आपण म्हणतो, रोज पाणी घालूनही झाड का सुकतंय! रोप घरात रुळल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडी बदला. गोळा पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने सोडवा, मुळं ओरबाडू नका. पोयटा, कोकोपीट, कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं. नवी कुंडी आधीच्या पिशवीपेक्षा दोन इंचांनीच मोठी असावी. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात.

५. खत पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मूठभर गांडूळखत. बस.

६. फांदी कापली की पांढरा चीक येतो. तो कपड्यावरून निघत नाही, काहींच्या त्वचेला खाज सुटते. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा. पान चघळलं तर मांजर-कुत्र्यालाही त्रास होतो. रांगतं मूल असेल तर कुंडी त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

७. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसताना पानाची मागची बाजू बघत जा. शिरेलगत कापसासारखे ठिपके दिसले तर तो मिलीबग. सुरुवातीला इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला तरी काम होतं. पसरला असेल तर कडुनिंबाच्या तेलात थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

८. 'हवा शुद्ध होते, नासाने सांगितलंय' असं सांगून बेंजामिना खपवला जातो. नासाचा तो १९८९चा प्रयोग हवाबंद पेटीतला होता. आपल्या घरात दारं-खिडक्यांतून हवा खेळते, तिथे एका कुंडीने काही फरक पडत नाही. झाड आवडतं म्हणून आणा, तेवढं कारण पुरेसं आहे.

९. रबर प्लांट छताला टेकला की शेंडा छाटा, खालून नवे फुटवे येतात. आधी पावसाळ्यात शेंड्याकडच्या फांदीला गुटी बांधली तर एक रोपही मिळतं, ते शेजाऱ्यांना द्या. पण 'आता सोसायटीच्या आवारात लावून टाकू' म्हणून वाढलेलं झाड भिंतीला लागून जमिनीत लावू नका. त्याची मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात, आणि मग ते तोडायला महापालिकेची परवानगी काढावी लागते.