वाळलेल्या मातीचे गणित

ओल्या मातीत २० टक्के पाणी व ४० टक्के सिलिका आहे. वाळून पाणी ४ टक्के उरले, तर सिलिका किती टक्के? सराव परीक्षेत मी ४० मध्ये १६ मिळवून ५६ लिहिले आणि गुण घालवले. वडील कुंभार, शाळेचे तोंड न पाहिलेले. ते म्हणाले, "अरे, पाणी उडालं, माती कुठं वाढली?" मर्म तेच!

समजा, माती १०० ग्रॅम. कोरडा भाग ८० ग्रॅम; तो वाळल्यावरही ८० च. मात्र आता तो एकूण वजनाच्या ९६ टक्के, म्हणून वजन ८३.३३ ग्रॅम. त्यात सिलिका ४० ग्रॅमच, म्हणजे ४८ टक्के.

अर्थात हे उन्हातल्या वाळवणीपुरते. भट्टीत मातीच्या कणांत बांधलेले पाणीही सुटते. तिथे ८० धरून चालत नाही.